रिकाम्या लहरीचा खुलासा

सांगली, १४ ऑक्टोबर १९४९

तीर्थरूप मामांस,

उमाचा शिरसाष्टांग नमस्कार. (टेबल आणि भिंत यांच्यामध्ये जागा कमी असल्यामुळे आठांपैकी पाचच अंगं टेकली. उरलेली दिवाळीला टेकीन.) तुमचा गुडघा आणि मामींचा खोकला कसा आहे? इकडे सर्वांची प्रकृती उत्तम आहे. ती किती उत्तम आहे हे गेल्या गुरुवारी एका डॉक्टरांनी विमानातून येऊन तपासलं, आणि त्याचीच हकिगत लिहायची आहे. आमच्या फ्लाइंग क्लबचा खुलासा तुमच्या पुण्याच्या बिनतारी कचेरीत, बहुधा तुमच्याच टेबलावर येईल. तो पटला नाही तर आमचे बिनतारी संच जप्त होतील आणि त्यांच्याबरोबर माझी नोकरीही जाईल. तरी हे पत्र शिफारशीसाठी नाही. मामा म्हणून तुम्ही काहीही करू नका.

आमच्याकडे विमानं दोन आणि वैमानिकही दोनच. एक कुंडलचे ऊसवाले नानासो, लढाईत विमानं दुरुस्त करता करता उडवायला शिकलेले. दुसरे इथलेच चिंतामणराव, वय सव्वीस (मी मुद्दाम विचारलं नाही, अर्जावर होतं). दोघांना आकाशात एकमेकांशी बोलता यावं म्हणून लढाईतून उरलेले तीन संच लिलावात घेतले, दोन विमानांत आणि तिसरा माझ्या टेबलावर. दोघांनी एकच आकडा लावला तरच बोलणं होतं, पण त्या आकड्यावर आणखी जो कोणी बसलेला असेल त्यालाही सगळं ऐकू जातं. तेव्हा आपल्यापुरती एक मोकळी लहर निवडायचं काम माझ्याकडे आलं.

तात्यांनी मला तेराव्या वर्षापर्यंत घरीच शिकवलं हे तुम्ही जाणताच. पाढ्यांबरोबर त्यांनी दोन गोष्टी पक्क्या करून घेतल्या: दोघं बोलत असताना मध्ये जाऊ नये, आणि आहेराचा आकडा शून्यावर संपवू नये. एवढ्या शिक्षणावर मी लहर निवडली. आठ दिवस हेडफोन लावून बसले आणि कोणत्या आकड्यावर कोण बोलतं ते वहीत मांडलं. कुठे कुणी वारा विचारत होतं, कुठे एक साहेब आपल्या डब्याची चौकशी करत होते. अगदी रिकाम्या अशा दोनच लहरी सापडल्या. एक एकशे वीसची, पण तिच्यावर सहाव्या दिवशी एक गृहस्थ खोकले (म्हणजे त्यांची जागा झाली), शिवाय शेवटी शून्य. दुसरी एकशे एकवीस आणि वर अर्ध्याची. तिच्यावर आठ दिवसांत कुणी खाकरलंसुद्धा नाही. इतकी स्वच्छ जागा, आणि राहायला कुणी नाही, याचं मला वाईटच वाटलं. नानासो म्हणाले, “एकशे एकवीस, वर अर्धा. लय झ्याक. आहेर केल्यागत वाटतंय.”

संचाच्या झाकणाआत आकड्यांचा तक्ता असतो तो वाचला नाही का, असं तुम्ही विचाराल. वाचला, पण जेवढा दिसत होता तेवढाच. खंडेनवमीला नानासोंनी विमानांबरोबर संचांचीही पूजा केली, आणि माझ्या संचाचं स्वस्तिक नेमकं त्या तक्त्यावर काढलं, बोटभर जाड, ओल्या कुंकवाचं. पूजेचं कुंकू पुसणं माझ्या मनाला पटेना.

गुरुवारी दोघं साताऱ्याच्या बाजूला उडाले. लहर इतकी स्पष्ट लागली की मला भरून आलं. पहिली वीस मिनिटं गुऱ्हाळ, बैलजोडी आणि कवठे महांकाळचा पाऊस (जो पडला नाही) यांवर गेली. मग नानासोंनी चिंतामणरावांना लगीन कवा करतोस म्हणून छेडलं आणि पोरगी बघायला जाऊ या, विमान हाय, पेट्रोल माझं, असंही सुचवलं. त्यावर चिंतामणराव म्हणाले, “बघायला जायचं कशाला, नानासो? रोज टेबलापाशी समोर बसलेली असते.”

क्लबात टेबल एकच आहे.

मामा, दोघांचं खासगी बोलणं चोरून ऐकणं वाईट, त्यात ते आपल्याचबद्दल असलं तर फारच वाईट. मी हेडफोन काढले, खणात ठेवले, खणाला कुलूप लावलं आणि किल्ली बनुबाईंच्या हातात दिली. (त्या झाडलोट करतात. त्यांनी किल्ली घेतली आणि माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.) त्यानंतर काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही.

पाऊण तासानं आमची दोन विमानं उतरली, त्यांच्या पाठोपाठ एक भलं मोठं तिसरं. त्यातून दोन साहेब, एक डॉक्टर आणि एक स्ट्रेचर बाहेर आलं. कोण संकटात आहे, असं त्यांनी विचारलं. नानासो म्हणाले, “आमी तर लय बरं हाय. आवं, तुमीच घामानं भिजलाय, बसा की.” बसणं झालं, पोहे झाले. आलोच आहोत तर कागद भरायला हवा म्हणून डॉक्टरांनी नानासोंची नाडी बघितली, आणि चिंतामणरावांची बघून ही फार जलद आहे असा शेरा लिहिला.

साहेबांनी झाकण उघडून ओल्या रुमालानं स्वस्तिक पुसलं. खाली छापलं होतं, की ही लहर फक्त संकटात सापडलेल्या विमानांसाठी सर्वांनी मोकळी ठेवावी. म्हणजे सगळा देश कान लावून गप्प बसला होता, आणि मी त्या जागेला भाडेकरू शोधून दिला.

संकट काय होतं, याचा खुलासा मागितला आहे. गुळाचा भाव लिही, असं नानासोंचं मत पडलं. मी खरं तेच चौदा पानांत लिहिलं, नकाशासह. न्याय होईल तसा होवो.

तुमची भाची,
उमा

ता.क. त्या लहरीवरचा शब्दन् शब्द तुमच्या कचेरीत लिहून ठेवतात असं साहेब म्हणाले. गुरुवार, सकाळी दहा वाजून पाच मिनिटांच्या पुढचं एकच पान मला उतरवून पाठवाल का? चिंतामणराव त्या दिवसापासून मान वर करत नाहीत, आणि मी विचारावं तर आधीचं ऐकलं हे कबूल करावं लागेल. कार्डावर लिहू नका, पाकिटातून पाठवा.

ता.क. २. संच जप्त करायचेच असतील तर ते पाकीट पोचल्यानंतर करावेत. मला कदाचित उत्तर द्यायचं असेल. दोघांनीच बोलायला कोणती लहर चालते, तेही कळवावं.

ता.क. ३. मामींना यातलं काही सांगू नका. सांगितलंच तर त्यांनी आईला लिहावं, आणि मुलाचं नाव लिहिताना अक्षर स्वच्छ काढावं, म्हणजे मला घरी वेगळं सांगायला नको.