वरच्या मजल्याचा उपद्रव

४ नोव्हेंबर

वरच्या भाडेकरूंना काढायचं. निर्णय झाला. कारण : घाण.

आज पुन्हा गच्चीवर मासोळ्या वाळत घातल्या. जुन्या लुगड्यावर, ओळीने, डोळे उघडे. शेजारी दोरीवर माझी बनियन. उतरवून परत धुवायला टाकली. जेवताना तेच डोळे समोर. अर्धी पोळी ताटात टाकून उठलो.

वर राहतात ते दोघं. राजकुमार, चिखल्याच्या मँगनीज खाणीत इलेक्ट्रिशियन. पहाटे कंपनीची गाडी पकडायला निघतो तेव्हा जिन्यावर बूट असे वाजवतो की पलटण चालली. आणि त्याची आई रंभाबाई. त्यांचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. पुनर्वसनाच्या वस्तीत भाऊबंद आहेत, त्यांच्याकडे जाते आणि येताना पिशवी भरून मासोळी आणते. पिशवी जिन्यावर ठिबकते. शी.

वरचा मजला मी मुलासाठी, विक्कीसाठी बांधला आहे. विक्की पुण्याला कंपनीत आहे, तात्पुरता. गेल्या वर्षी बायको उषा म्हणाली, रिकामं घर खायला उठते, कोणाले तरी द्या. तिचं ऐकलं. चूक तिची.

मी तुमसर स्टँडवर एसटीचा कंट्रोलर होतो. माझ्या अनाउन्समेंटशिवाय गाडी फलाट सोडत नव्हती. दोन माणसं हलवायला काय लागतं?

६ नोव्हेंबर

कायदा मोबाइलवर काढला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९. संपूर्ण वाचला. म्हणजे सुरुवात वाचली, पुढे तेच तेच असणार. कलम सोळा महत्त्वाचं. घरमालकाला घर कधी परत मिळतं, त्याची कारणं. त्यात शेजारपाजाऱ्यांना उपद्रव हेही एक. केस इथेच संपली.

उषाला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, तुमच्या घोरण्याले कोणतं कलम हाये तेबी पाहून ठेवा.

कायद्याची समज सगळ्यांना नसते.

९ नोव्हेंबर

पुरावा गोळा करणे सुरू. रंभाबाईने वाटीभर झिंग्याची चटणी खाली पाठवली. रिटायर झाल्यापासून मी पूर्ण शाकाहारी आहे. पण पुरावा न तपासता आरोप करणं बेकायदेशीर. चाखली. एका भाकरीत नीट अंदाज येईना, दुसरी घेतली. मग तिसरी, कारण वाटीत थोडी राहिली होती आणि ती रात्रभर घरात ठेवणं किळसवाणं.

निष्कर्ष : उपद्रव सिद्ध. हाताचा वास साबणानेही जात नाही.

उषाने त्याच वाटीत तिळाचे लाडू घालून वर दिले. हे कोर्टात सांगायचं नाही.

१५ नोव्हेंबर

भैय्याजी वकिलाकडे गेलो. शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसायचा. पहिला प्रश्न : करार कुठं आहे? म्हटलं, माझा शब्द हाच करार. त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

त्याच्या म्हणण्याप्रमाणे, करार लेखी पाहिजे, रजिस्टर पाहिजे, आणि तो करून घ्यायची जबाबदारी मालकाची. भाडेकरूची नाही. नाही केला तर गुन्हा मालकाचा. वरून, भाडेकरू ज्या अटी सांगेल त्याच खऱ्या धरतात, खोट्या आहेत हे मालकाने दाखवायचं. म्हणजे राजकुमार उद्या म्हणाला की काकाजीनं मले हे घर जन्मभरासाठी देलं, तर? भैय्याजी म्हणाला, तं तुले शाबित करा लागन का नाही देलं म्हणून.

असा कायदा कोण लिहितो?

मासोळीचा मुद्दा मांडला. तो हसला. म्हणाला, परसराम, मासोळी वाळू घालणं उपद्रव होत असन तं अख्खा भंडारा जिल्हा खाली करा लागन.

मग विचारलं, भाडं वेळेवर देते का? देतो, एक तारखेला. मंग तं कठीणच हाये, म्हणाला.

आता डोक्यात प्रकाश पडला. राजकुमार वेळेवर भाडं का देतो? कायदा माहीत आहे म्हणून. शिवाय नमस्कार करतो. अशा गोड माणसांचा मला सगळ्यात जास्त वीट येतो.

भैय्याजीने एक वाट दाखवली. मालकाला स्वतःला किंवा घरच्या माणसाला राहायला खरीच गरज असेल तर कोर्ट ऐकतं. पोरगा येऊन राहणार असं दाखव, म्हणाला. दाखवायचं काय त्यात? येणारच आहे.

१६ नोव्हेंबर

विक्कीला फोन केला. म्हटलं, तू तुमसरला येतो एवढं लेखी पाठव. तो म्हणाला, बाबा, मी कायले येऊ तिकडं? मग म्हणाला मीटिंग आहे, रविवारी निवांत बोलू.

रविवारी बोलू.

२४ नोव्हेंबर

रविवारी फोन आला नाही. पुण्यात नेटवर्कचा प्रॉब्लेम असतो म्हणे.

५ डिसेंबर

पाण्याची मोटर बंद पडली. मिस्त्री उद्या येतो म्हणाला. राजकुमार शिफ्टवरून आला, कपडे न बदलता मोटर उघडून बसला आणि चालू करून दिली. पैसे घेतले नाहीत.

भिंतीवर त्याच्या ग्रीसची पाच बोटं उमटली आहेत. मोबाइलने फोटो काढला. मालमत्तेचं नुकसान.

१२ डिसेंबर

नवा डाव. वरच्या मजल्याचा पाण्याचा कॉक सकाळीच बंद केला. पाणी नाही तर माणूस किती दिवस राहील?

अपेक्षा : भांडण. घडलं असं : रंभाबाई पाण्याची गुंडी घेऊन खाली आमच्या नळावर आली. उषाने तिला पाट दिला. दोघींनी तुरीच्या शेंगा सोलल्या, मग चहा, मग कोणाच्या तरी सुनेची गोष्ट. दुपार गेली. उषा इतकी हसत होती की मला पेपर वाचता येईना. ही बाई वर राहत होती तेव्हा निदान वर होती.

१३ डिसेंबर

पोलिस स्टेशनला गेलो. भाडेकरूंची माहिती द्यायची राहिली होती, ती दिली. जबाबदार नागरिक. जाता जाता हवालदाराला सहज विचारलं, पाणी बंद केलं तर कायद्यात कसं आहे? तो म्हणाला, भाडेकरूचं पाणी, लाइट तोडणं गुन्हा आहे. कोणी तोडलं? म्हटलं, शेजाऱ्याने. तो पेन उघडून म्हणाला, नाव सांगा.

घरी आलो. कॉक उघडला. उषाला सांगितलं, पाइपात पाला अडकला होता. ती म्हणाली, मले माहीत हाये कोणता पाला होता तं.

२६ डिसेंबर

विक्कीचा फोन आला. पुण्यात फ्लॅट बुक केला. पुढच्या दिवाळीला ताबा. म्हणाला, वरच्या लोकायले राहू द्या बाबा, आईले सोबत होते.

गुंतवणूक आहे, हे उघड आहे. आजकालची मुलं फ्लॅट घेतात, भाव वाढला की विकतात. विकला की येईल.

उषा वर गेली. बऱ्याच वेळाने उतरली, डोळे लाल. म्हटलं, फोडणीचा धूर असेल, ती बाई मासोळी तळत असेल. ती म्हणाली, हो, धूरच होता.

वास मात्र आज कसलाच नव्हता.

३ जानेवारी

अखेरचं शस्त्र. नोटीस.

भैय्याजीने लिहून द्यायला नकार दिला. म्हणाला, नोटिशीनं कोणी निघत नसते, कोर्टाचा हुकूम लागते, आन् तुह्याजवळ कारणच नाही. घाबरट वकील. मीच लिहिली. "सूचित करण्यात येते की वरचा मजला तात्काळ रिकामा करावा, अन्यथा होणाऱ्या परिणामांस आपण जबाबदार राहाल." खाली लाल पेनने रेघ.

प्लॅन असा. राजकुमार तणतणत खाली येईल. मी शांतपणे कलम सोळा सांगेन. तो नरमेल, हात जोडेल. मग मी मोठ्या मनाने एक अट घालेन की गच्चीवर मासोळी नाही, आणि राहू देईन. सगळं ठरलेलं होतं.

पण राजकुमार शिफ्टला गेला होता. दार रंभाबाईने उघडलं. कागद तिच्या हातात दिला. तिला वाचता येत नाही. म्हणाली, भाऊ, नोटीस हाये का? हो म्हटलं.

तिने कागदाची घडी घातली, परत घातली, कमरेला खोचली. म्हणाली, "गावाले आली होती तेबी अशीच होती. तवा आमी आयकलं नाही, बसून राहिलो. पाणी दाराशी आलं तवा निघालो. धाकली बकरी मांगंच राहून गेली."

मग म्हणाली, चा मांडू का?

नको म्हटलं. कोणतं कलम सांगायचं ते आठवेना.

५ जानेवारी

राजकुमार अजून भांडायला आला नाही. पहाटे बुटांचा आवाज नव्हता. खिडकीतून पाहिलं. बूट हातात धरून, अनवाणी जिना उतरत होता.

घाबरला. कायद्याचा धाक म्हणतात तो हा.

९ जानेवारी

वर सामान सरकवण्याचे आवाज. भैय्याजीकडे गेलो. तो म्हणाला, ते कायले चालले? त्यायले कोर्टाशिवाय कोणी काढू शकत नाही. बसून राहिले असते तं तुह्यी केस वर्षानुवर्षं चालली असती. नशीबवान हायेस तू.

आनंद झाला. स्टँडवर जाऊन थोडा बसलो. नव्या कंट्रोलरने कुठं जायचं म्हणून विचारलं.

परत येताना वाटलं, राजकुमारला सांगून टाकावं की त्या कागदात तसा काही दम नाही. पण त्यांची वकिली मी का करू? तरी जिन्यापर्यंत गेलो. दोन पायऱ्या चढलो. गुडघा दुखायला लागला, उतरलो.

११ जानेवारी

गेले. छोटा टेम्पो पुरला. राजकुमारने चावी दिली, आजपर्यंतचं भाडं दिलं, आणि मोटरचा कंडेन्सर उन्हाळ्याच्या आधी बदलून घ्या म्हणाला. नमस्कार केला. पुन्हा तो नमस्कार! रंभाबाई उषाच्या गळ्यात पडली. दोघींची नाकं वाहत होती. बघवत नव्हतं.

विजय. एवढ्या लवकर तुमसरात कोणी घर खाली करून दाखवावं.

उषा बोलत नाही.

१८ जानेवारी

ते राइस मिलच्या मागे राहायला गेले आहेत. उषा रोज दुपारी तिकडे जाते, दिवेलागणीला येते. चहा मीच करतो. दूध उतू गेलं, गॅसवर जळका थर बसला आहे. घाण कोण काढणार?

तिला समजावलं की मी सगळं कायद्याच्या चौकटीत केलं. आठवड्यातलं तिचं पहिलं वाक्य : तुमचा कायदा तुमीच खा.

२४ जानेवारी

त्यांच्या नव्या घरमालकाचा फोन आला. घनश्याम नाव, धान्याचा व्यापारी, तरुण आहे. म्हणाला, काकाजी, मी रजिस्टर करार करून राहिलो, आधीच्या मालकाला विचारलेलं बरं. कसे आहेत लोक?

चालून आलेली संधी. याने ठेवलं नाही तर जातील कुठं? येतील परत. मी कडक अट घालेन आणि घेईन.

सगळं सांगितलं. मासोळ्या, त्यांचे डोळे, ठिबकणारी पिशवी, पहाटेचे बूट, ग्रीसची बोटं. म्हटलं, इतके घाणेरडे लोक मी स्टँडवरसुद्धा पाहिले नाहीत. पस्तावाल. आजच परत पाठवा.

मग तो म्हणाला, काकाजी, फोन स्पीकरवर हाये. उषाकाकू इथंच बसून हाये.

मागून रंभाबाईचा आवाज आला, भाऊले इचारा जेवले का म्हणून.

घनश्याम म्हणाला, कराराले दोन साक्षीदार पाहिजे. एक काकू. दुसरे तुमी याल काय? या दोघायची ओळख तुमालेच हाये गावात.

२७ जानेवारी

गेलो. कायद्याच्या कामाला नाही कसं म्हणणार?

एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन आला होता. राजकुमार माझ्याशी बोलला नाही, पण खुर्ची दिली. आज नमस्कार केला नाही. बरं वाटायला पाहिजे होतं.

रंभाबाईने कराराचा कागद माझ्यापुढे धरला. म्हणाली, "भाऊ, तुमाले कायद्याचं समजते. हा कागद चांगला हाये ना? याच्यात निघा लागनार नाही ना?"

सगळ्यांसमोर पूर्ण वाचला. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही कलम न सोडता. म्हटलं, चांगला आहे. मुदत संपेपर्यंत कोणी हात लावू शकत नाही. घनश्यामसुद्धा नाही.

ती म्हणाली, मंग बरं झालं बा.

मी अंगठा लावला. मशीनने घेतला नाही. एजंट म्हणाला, बोटं घासली तुमची, परत लावा. परत लावला. उषाने माझा हात धरून दाबला तेव्हा उमटला. येताना ती दोन पावलं पुढे चालत होती.

१ फेब्रुवारी

उषा तिकडे गेली आहे. वर जाऊन आलो. विक्कीसाठी मजला मोकळा आहे.

ते दोघं जाण्याआधी सगळं धुऊन पुसून गेले आहेत. भिंतीवर खिळासुद्धा ठेवला नाही. मोरी घासलेली, ओटा घासलेला, गच्चीवर एक खवला नाही. कोपरे तपासले. दाराच्या मागे पाहिलं. पुन्हा एकदा सगळीकडे फिरलो. कुठंच काही नाही.

इतकी स्वच्छ खोली मी कधी पाहिली नव्हती. शिसारी आली, खाली आलो.