उसनी छाती

तीर्थस्वरूप मामा यांस भाच्याचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तरी वाकलो आहे). मामीचा गुडघा आता जिना चढू देतो का? आम्ही इकडे मजेत आहोत असं लिहायची पद्धत आहे, पण मी मजेत नाही. चार दिवस घास नुसता तोंडात फिरतोय. फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही, म्हणून लिहितो.

झालं असं, की आमच्या एक्स-रे विभागाला नव्या मोठ्या बाई आल्या आहेत. डॉक्टर म्हणून निष्णात, पण त्यांना वाटतं की आम्ही कर्मचारी एकमेकांना नीट ओळखत नाही. (अकरा वर्षं एका खोलीत बसून चांगले ओळखतो, म्हणूनच बोलत नाही.) त्यांनी फर्मान काढलं, की प्रत्येकाने स्वतःचं कोलाज करायचं. स्वतःचा फोटो चालणार नाही. नेटवर सापडतील ती चित्रं छापायची, कापायची, चिकटवायची, आणि त्यातून आपण दिसलो पाहिजे. मी हाडं बघणारा माणूस, चेहरा माझ्या कामात उगाच मध्ये येतो. तरी बसलो. कपाळाला ओसाड मैदान मिळालं, कानांना कपाचे दोन कान, भुवयांना झिजलेले टूथब्रश, नाकाला कोंब फुटलेला बटाटा (नाक तुमच्याच घराण्यातलं, मला बोल लावू नका). बायको म्हणाली, हुबेहूब. इतक्या चटकन म्हणाली की मनाला लागलं. राहिली छाती. तिथे धंद्याला जागून एक्स-रेच लावायचं ठरवलं. नेटवर शेकडो होते, पण एकावर जीव जडला. बरगड्या सरळ, फिल्म स्वच्छ, श्वास नेमका धरलेला. काढणाऱ्याचा हात कसबी आहे, असं मनाशी म्हणालो, खाली एक अंगठा दिला आणि छापला.

सोमवारी चित्रं पेशंटच्या बाकांसमोरच्या भिंतीवर लागली. मंगळवारी बाई बघायला आल्या. इतरांपुढे अर्धं मिनिट थांबल्या आणि माझ्यापुढे चांगली दहा मिनिटं. मी दाराआडून बघत होतो, आणि खोटं कशाला सांगू, फुगलो होतो. मग त्यांनी मला बोलावलं आणि छातीच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. डावी बाजू कोणती ते कळावं म्हणून आम्ही फिल्मवर शिशाचं अक्षर ठेवतो. आमच्या अक्षराचा पाय मोडका आहे (मीच पाडून मोडला). तसलं दुसरं जगात नसावं.

"हा आपल्या मशीनवरचा आहे. नेटवर कसा गेला?"

"बघतो," मी म्हणालो. पेशंटची फिल्म बाहेर जाणं म्हणजे कुणाची तरी नोकरी जाणं. नोंदणीच्या बाईंनी (आम्ही त्यांना चाळणी म्हणतो, बारीक खडाही सुटत नाही) वर्षभराच्या छात्या तपासायला घेतल्या. मी इकडे एकाचं मनगट सांगितलं असताना कोपर काढून ठेवलं. जेवणाच्या सुट्टीत जिन्याखाली उभा राहून फोनवर नेटवरचं ते पान पुन्हा शोधलं. सकाळी फिरायला जाणाऱ्या कुठल्याशा मंडळाचं होतं. एक्स-रेखाली लिहिलेलं: "वय चौसष्ट, छाती पंचविशीची! भाच्याने गुपचूप काढून दिला." बेचाळीस अंगठे. त्यातला एक माझा.

मामा, तो 'गुपचूप' कशाला हो लिहिलात? चार महिन्यांपूर्वी पोहण्याच्या क्लबला हवा म्हणालात, मी नोंद न करता, डॉक्टरांना न दाखवता काढून दिला, आणि फिल्म काखोटीला मारून तुम्ही संध्याकाळच्या गाडीने गेलात. चाळणीबाईंनी जन्मभर चाळलं असतं तरी ती छाती निघाली नसती. पण बुधवारपर्यंत सगळ्यांचा संशय दुसऱ्या पाळीच्या बाईंवर गेला. त्या सहा महिन्यांपूर्वीच लागलेल्या, घरात कमावणाऱ्या एकट्या. चहा तसाच ठेवून त्या आपल्या पाळीच्या नोंदी पुन्हापुन्हा उलटून स्वतःचीच चूक शोधत होत्या. ते मला बघवेना. उठलो, मोठ्या बाईंच्या खोलीत गेलो आणि सगळं ओकलो.

"लेखी द्या," त्या म्हणाल्या. दिलं. नोकरी राहिली. पंधरा दिवस मशीनला हात लावायचा नाही, आणि बढतीचं यंदा विसरायचं. दुसऱ्या पाळीच्या बाई माझ्याशी बोलत नाहीत, ते बरोबरच आहे. तुमच्यावर राग नाही. म्हणजे आहे, पण पुरवून वापरीन.

आपला,
भाचा

ता. क. तो फोटो आधी काढून टाका, अंगठ्यांसकट.

आणखी एक ता. क. पत्र खरं याच्यासाठी आहे. मोठ्या बाई दहा मिनिटं नुसतं अक्षर बघत नव्हत्या. माझा कबुलीजबाब वाचून त्यांनी एकच विचारलं, "हे गृहस्थ कुठे असतात?" उजवीकडे वर, बरगडीच्या आड, वाटाण्याएवढा डाग आहे. जुना, निरुपद्रवी असेल. नसेलही. स्कॅन केल्याशिवाय त्याही सांगत नाहीत. मी रोज हेच बघतो मामा, आणि तुमच्या वेळी माझीच फिल्म किती सुरेख आली ते बघत बसलो. बढती गेली खड्ड्यात, तो डाग मला दिसला नाही याबद्दल माफ करा. येत्या गुरुवारी सकाळी दहाची स्कॅनची वेळ घेतली आहे. बहाणे शोधू नका. मामीला मी फोन केलाय, आणि तुम्ही या ओळीवर येईपर्यंत ती बॅग घेऊन दारात उभी असेल.