बरहीला जामीन

अबुल खसीब,
रविवार, १२ मार्च २०२३

प्रिय विदाद,

सलाम. यूनिसच्या पाठीचं ऑपरेशन नीट झालं असेल आणि तो आता तरी गप्प पडून राहत असेल, अशी आशा करते. माझे गुडघे सोडले तर बाकी सगळं ठीक आहे. पत्र लिहायचं कारण, फोनवर तू मध्ये बोलतेस. शेजारच्या लुत्फियाचा भाऊ गुरुवारी स्वीडनला परत निघालाय, त्याच्या हाती हे पाकीट देईन. सोबत सुकं लिंबू आणि वेलदोड्याची बिस्किटं आहेत. बिस्किटं वाटेत त्याने खाल्ली तर मला कळव.

तू सांगितलंस तसं मी केलं. रोज तीन आनंदाच्या गोष्टी वहीत लिहायच्या. शनिवार : चहा बरा झाला. वीज चार तास होती. कोणी मेलं नाही. रविवार : वीज पाच तास होती. कोणी मेलं नाही. तिसरी सुचली नाही. सोमवारी लुत्फियाची सासू गेली, तेव्हा वही बंद केली.

रागावू नकोस. पण तू इतकी वर्षं आनंदाच्या मागे धावते आहेस, ते मला दिसतं. योगासनं झाली, बर्फाच्या पाण्यात बुड्या मारून झाल्या, मेणबत्त्या लावून डोळे मिटून बसणं झालं. आणि दर फोनला, 'ताई, तू आनंदी आहेस ना?' आपल्या आईने हा प्रश्न कधी कुणाला विचारला नाही. ती विचारायची, 'आज काय केलंस?' त्याला निदान उत्तर देता येतं.

तर, काय केलं ते सांगते.

खजुरांचं परागण सुरू झालंय. गेल्या उन्हाळ्यात समुद्राचं खारं पाणी नदीतून पार आपल्या पाटापर्यंत चढलं, त्यामुळे पूर्वेकडची अकरा झाडं गेली. इराणशी लढाईत तोफांनी मुंडकी उडवलेली ती जुनी नऊ अजून तशीच उभी आहेत. उरलेल्यांसाठी मुरहिज नर फुलोरा घेऊन आला. सत्तरी ओलांडली तरी कमरेला दोर बांधून माकडासारखा चढतो. वरून ओरडतो, "बाई, खाली उभ्या राहून असं बघू नका. परीक्षा देतोय असं वाटतं."

"देतोच आहेस," मी म्हटलं. "मागच्या वर्षी तीन घोस रिकामे निघाले."

"तो वाऱ्याचा दोष."

"नापास होणाऱ्या प्रत्येक पोरीने मला हेच सांगितलंय."

पाटाजवळच्या बरही खजुरीला यंदाही फुलोरा आलेला नाही. हे तिसरं वर्ष. कुठली बरही ते तुला सांगायला नको, लहानपणी आपण जिला दम द्यायचो तीच.

मुरहिज खाली उतरला, घाम पुसला आणि म्हणाला, "बाई, आता हिला धमकी द्यायला हवी."

मी बसरा विद्यापीठातून वनस्पतिशास्त्र शिकले आहे. कुऱ्हाड दाखवल्याने झाड फळत नाही, हे मला माहीत आहे. पण अब्बा दरवर्षी करायचे, आणि आपणही केलंय. कुऱ्हाड माझ्या हातात, कारण मी थोरली. मी खोडावर तीन वेळा कुऱ्हाडीचा पाठीमागचा भाग मारायचे आणि म्हणायचे, 'तीन वर्षं पाणी पितेस आणि देत काही नाहीस. आज तोडते तुला.' मग तू धावत येऊन माझा हात धरायचीस. 'थांब! यंदाचं वर्ष सोड तिला. मी जामीन आहे. नाही फळली तर मला विचार.' अब्बा हसायचे. तू तर खरंच रडायचीस, आणि झाडही तुझ्याच रडण्याला भुलतं असं ते सांगायचे. खेळ दोघांचा असतो. एकट्याने धमकी द्यायची नसते, कारण मग कुऱ्हाड न चालवता परत ठेवायला निमित्तच उरत नाही. अब्बा एवढ्या एका बाबतीत कडक होते.

मुरहिजने कुऱ्हाड माझ्यापुढे धरली. "घ्या. झाडाला दम भरायला तुमच्याइतकं लायक माणूस अख्ख्या बसऱ्यात नाही. तीस वर्षं शाळेत पोरींना तेच केलंत."

मी घेतली नाही. म्हटलं, उद्या बघू.

घरी आले. अंगणात पुन्हा त्या सपाता वाजल्या. हे मी तुला कधी लिहिलेलं नाही, कारण तू लगेच मला कुठल्या तरी डॉक्टरकडे पाठवशील. दुपारच्या नमाजानंतर, ऊन अंगणात सरळ उभं असतं तेव्हा, कुणीतरी सपाता फरफटत पाटाकडून दारापर्यंत येतं. डाव्या पायाची जास्त घासते. दारापाशी थांबतं. उंबरा ओलांडत नाही. मी भाजी निवडत असले तर निवडत राहते, वर बघत नाही. झावळ्या भिंतीला घासत असतील, हेही मला कळतं. पण सतरा वर्षांत एकदाही मी त्या झावळ्या छाटायला सांगितलेल्या नाहीत, हेही खरं आहे. सपाता दारामागे आहेत. एखादी उलटी पडली तर मी सुलटी करते.

आता लिहायलाच बसले आहे, तर लिहून टाकते.

त्या जुलैत माझ्या सलवानचा निकाल लागला. दुसऱ्यांदा नापास. त्याचा बाप जब्बार जाऊन तेव्हा सहा महिने झाले होते. जब्बार असताना आमच्या घरात तोच खेळ होता, फक्त कुणी त्याला खेळ म्हणत नव्हतं. मी म्हणायचे, 'घराबाहेर काढते याला.' जब्बार वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणायचा, 'असू दे गं, यंदा सोड. मी जामीन.' पोरगा गालातल्या गालात हसायचा. मीही स्वयंपाकघरात जाऊन हसायचे. कित्येक वर्षं असंच चाललं.

त्या दिवशी तू ओट्यावर भेंडी चिरत बसली होतीस. मी दारात उभी राहून म्हणाले, 'पास झाल्याशिवाय हा उंबरा ओलांडायचा नाही. मला मुलगा नाही असं मी समजेन.' आणि थांबले. विदाद, मी थांबले होते. मी तुझ्याकडे बघितलं. त्यानेही तुझ्याकडेच बघितलं. तू सुरी खाली ठेवलीस, तोंड उघडलंस, आणि मग पुन्हा भेंडी उचललीस.

त्याने सपाता काढल्या, बूट घातले. टॅक्सीतळावर बगदादच्या टॅक्सीत बसताना त्याला मुरहिजच्या मेव्हण्याने पाहिलं. २००६ सालचा तो रस्ता, नाक्यानाक्यावर नाव विचारून माणसं मारत होते. पुढचं आपण दोघींनी मिळून केलं. फोटो घेऊन इस्पितळं, तुरुंग, शवागारातले मेलेल्यांचे फोटो दाखवणारे ते पडदे. तू प्रत्येक पडद्याआधी माझा हात धरलास. रिकाम्या हाताने घरी परतल्यावर मात्र मी तुझ्याशी बोलले नाही. पुढच्या वर्षी तू स्वीडनला गेलीस, तेव्हाही 'थांब' म्हणाले नाही. मनात एकच होतं. झाडासाठी रडायला येतं हिला, पोरासाठी एक वाक्य बोलता आलं नाही.

हे सतरा वर्षं मी तुझ्या नावावर ठेवलं. तुझ्या बर्फाच्या बुड्या, मेणबत्त्या, ती वही, हे सगळं करून तू कशापासून पळतेस ते मला ठाऊक होतं आणि मी तुला पळू देत होते.

दुसऱ्या दिवशी मुरहिज पुन्हा कुऱ्हाड घेऊन आला. मी म्हटलं, "तू धमकी दे."

"मी? मग जामीन कोण?"

"मी."

"तुम्हाला जमेल?"

"तू आधी तुझं काम नीट कर."

त्याने खोडावर तीन ठोके दिले. म्हातारा नाटकी आहे, आवाज चढवून म्हणाला, "तीन वर्षं पाणी पितेस! माझ्या धन्याची जमीन अडवतेस! आज तुला तोडतो, चुलीत घालतो!" आणि कुऱ्हाड फिरवून खरी धार वर आणली.

मी पुढे झाले, त्याचं मनगट धरलं. वाक्य साधं आहे, तू लहानपणी घोकलेलं. माझ्या तोंडातून ते बाहेर येईना. मुरहिज कुजबुजला, "बाई, हात दुखतोय, बोला आता." तेव्हा मी म्हणाले, "थांब. यंदा सोड त्याला. मी जामीन आहे."

त्याला, म्हणाले. मुरहिजने ऐकलं. कुऱ्हाड खाली ठेवली, पाठ फिरवून उगाच दोर गुंडाळत बसला. मग म्हणाला, "बाई, हे वाक्य बोलायला तुम्हाला कुणी मनाई केली होती का?"

नाही केली होती. हेच मला तुला सांगायचं आहे. कुऱ्हाड उचलणाऱ्याने जामीन राहू नये असा नियम अब्बांनी कधी घातला नव्हता. मला तुझ्याकडे बघायची गरजच नव्हती. एक वाक्य होतं, ते मला येत होतं, आणि उंबऱ्यात मीच उभी होते. तू भेंडी चिरत होतीस, एवढंच. ती सुरी आता खाली ठेव.

तुला बरं वाटावं म्हणून हे लिहिलेलं नाही. खरं आहे म्हणून लिहिलंय.

आता कामाचं. बाग विकायला तू सही करून पाठवलेलं मुखत्यारपत्र मिळालं. मंगळवारी प्लॉटवाला येतोय, त्याला झाडं तोडून नऊ घरांची जागा करायची आहे. तुझ्या तळ्याकाठच्या घरातल्या, माझ्यासाठी रंगवलेल्या खोलीचा फोटोही पाहिला. खोली छान आहे. खिडकीत बसून मी तिथे सुखी होईन, हे तू म्हणतेस ते बहुतेक खरंच असेल. पण मी त्या प्लॉटवाल्याला 'नाही' म्हणणार आहे. मुखत्यारपत्र या पाकिटातच परत येतंय. जामीन राहिलेला माणूस गाव सोडून जात नाही, विदाद. पुढच्या वसंतापर्यंत मला या झाडासाठी जाब द्यायचा आहे. गोड पाण्याच्या टाकीचं मुरहिजशी बोलले आहे, आठवड्याला एक खेप बरहीच्या मुळाशी. पहाटे उठायला आता कारण आहे. ते आनंदाच्या वहीत कुठे बसतं मला माहीत नाही.

ती फळणार नाही, हे मी वनस्पतिशास्त्र शिकलेली बाई सांगते. माती पार खारवली आहे. तरीही मी जामीन आहे.

काल दुपारी सपाता वाजल्या तेव्हा मी वर पाहिलं. कुणी नव्हतं. मी तरी उठून म्हणाले, "ये आत." मग बराच वेळ दार उघडं ठेवून बसले.

यूनिसला सलाम. त्याला जड उचलू देऊ नकोस. पुढच्या मार्चमध्ये जमलं तर ये. मुरहिजला आता कुऱ्हाड जड होते आणि तुझं रडणं झाडांना अजून आठवत असेल.

या गावात इतकी वर्षं मी सगळ्यांना मला 'नझीहाबाई' म्हणायला लावलं. इथल्या रीतीप्रमाणे मुलाच्या नावाने हाक मारणाऱ्याला उत्तर दिलं नाही. आज ते नाव माझ्या हाताने लिहिते.

तुझी ताई,
सलवानची आई