निन्केचं शिंगरू

नायमेखन, २२ मे २००६

प्रिय बाबा,

नमस्कार. तुमचं पत्र परवा मिळालं. आईचा गुडघा आता दुखत नाही हे वाचून बरं वाटलं. आम्ही दोघं ठीक आहोत. आशुतोषच्या ऑफिसात नव्या चिपची घाई चालू आहे, त्यामुळे तो घरी आला तरी अर्धा तिकडेच असतो. इथे आता कुठे ऊन पडायला लागलंय. सगळं गाव सायकली घेऊन नदीकाठी जातं.

तुम्ही पत्रात दोन गोष्टी लिहिल्यात. एक विचारलीत, निन्केला शिंगरू झालं का. दुसरी कळवलीत, की येत्या दिवाळीत मंजूचं ऋषभशी ठरवायचं. माझ्या धाकट्या बहिणीला माझीच जाऊ करायची, म्हणजे आत्याच्या एकाच घरात तुमच्या दोन्ही मुली. आत्या फोनवर किती आनंदात होती! मी 'हो, हो' म्हटलं आणि कुकरचं निमित्त करून फोन ठेवला.

निन्केचं आधी सांगते.

गेर्डाबाईंचा तबेला आमच्या घरापासून सायकलने जवळ आहे, नदीच्या बांधापलीकडे. गेल्या वर्षी मी नुसतीच भटकत तिकडे जायचे. धुक्यात कुंपणापाशी काळ्या घोड्या उभ्या असायच्या. एके दिवशी गेर्डाबाई म्हणाल्या, "रोज बघतेस, तर आत ये. खरारा धर." तेव्हापासून जाते. त्या मला 'मैशे' म्हणतात, म्हणजे मुली.

या फ्रिजियन घोड्यांवर तुम्ही जीव टाकाल. काळेभोर, मानेवर लाटांसारखी आयाळ, घोट्यांवर केसांचे झुपके. कपाळावर छोटा ठिपका सोडला तर अंगावर पांढरा केस चालत नाही. सारंगखेड्याच्या यात्रेत तुम्ही घोड्याचे भोवरे बघायचात, दात बघायचात, मग त्याला चालवून बघायचात. इथेही तसंच आहे. दरवर्षी परीक्षक येतात आणि कुणाचा नर वंशासाठी ठेवायचा, कुणाचा नाही, ते ठरवतात. पूर्वी हे घोडे नांगर ओढायचे, बग्गी ओढायचे. आता सगळ्यांना ड्रेसाजसाठी हवेत, म्हणजे संगीतावर पावलं टाकायचा तो खेळ. पाय लांब हवेत, चाल हलकी हवी. अमेरिकेतले लोक त्यासाठी भारी किंमत मोजतात. म्हणून जो तो त्याच चार नावाजलेल्या नरांकडे धावतो.

पण बाबा, ही घोड्यांची जात एके काळी संपतच आली होती. मोजके नर उरले होते. आजचे सगळे त्यांचेच. बाहेरचं रक्त घ्यायचं नाही असा नियम. त्यामुळे कुठलीही घोडी आणि कुठलाही घोडा, मागे गेलं की एकमेकांचे नातलगच निघतात.

निन्केसाठी गेर्डाबाईंनी निवडलेला नर तिच्याच पणजोबाचा नातू होता. कागदावर ते स्पष्ट होतं. पण त्याची चाल पाहिली आणि त्यांचं मन ठरलं. अकरा महिने त्यांनी निन्केला लेकीसारखं जपलं.

एप्रिलात एका सकाळी त्यांचा फोन आला. मी पोचले तेव्हा निन्के आडवी पडून कळा देत होती. दोन्ही पाय दिसत होते, पण डोकं येत नव्हतं. डॉक्टर आले, हात घालून पाहिलं आणि त्यांचा चेहराच बदलला. शिंगरू आधीच मेलेलं होतं. डोक्यात पाणी साठून कपाळ एवढं फुगलं होतं की ते सरळ बाहेर येणंच शक्य नव्हतं. कसं काढलं ते लिहीत नाही, तुम्ही समजाल. मी निन्केची मान धरून बसले होते. ती वाचली. पण वार पडली नाही, ताप चढला, आठवडाभर आम्ही आलटून पालटून तिच्याजवळ होतो. शिंगराचे खूर मऊ, पिवळसर होते. बाकी अंग इतकं सुंदर होतं, बाबा.

डॉक्टर गेर्डाबाईंना म्हणाले, "हे दोन्हीकडून आल्याशिवाय होत नाही. घोडा निरोगी, घोडी निरोगी, पण दोघांच्या रक्तात तोच एक दोष लपलेला."

मी तिथून उठून बाहेर गेले. कारण हेच वाक्य मी आधी ऐकलं होतं. इथल्याच हॉस्पिटलमध्ये, आशुतोषचा हात धरून.

आता लिहितेच. बाबा, आमचं बाळ, आपला हरी, न्यूमोनियाने गेला असं आम्ही सांगितलं. ते खोटं नाही. शेवटी न्यूमोनियाच झाला. पण त्याआधी त्याने मान धरली नव्हती. पाय उचलत नव्हता. रडण्याचा आवाज बारीक होत गेला, मग दूध गिळता येईना. स्नायूंचा आजार होता, जन्मापासूनचा. डॉक्टरीणबाईंनी आमचं रक्त तपासलं आणि हळूच विचारलं, "तुम्ही दोघं नात्यातले आहात का?" आशुतोष म्हणाला, "ही माझ्या मामाची मुलगी." त्यांनी कागदावर आपलं घराणं काढलं. वर आजोबा आणि आजी, खाली तुम्ही आणि आत्या, त्याखाली आम्ही दोघं, आणि सगळ्यात खाली हरी. दोष त्या वरच्या जोडीतूनच कुणाकडून तरी आला आहे, तुमच्याकडून माझ्यात आणि आत्याकडून आशुतोषमध्ये. आजोबांचंच नाव आपण त्याला किती हौसेने ठेवलं होतं, हरिहर.

पुढचं मूलही तसंच होण्याची शक्यता चारात एक आहे, म्हणाल्या. आशुतोष म्हणतो, पुन्हा ते बघायची ताकद माझ्यात नाही. माझ्यातही नाही. म्हणून तुम्ही 'आता दुसऱ्याचा विचार करा' लिहिता, आत्या दर रविवारी विचारते, आणि आम्ही गप्प बसतो.

तुम्हाला का सांगितलं नाही? कारण हे लग्न तुम्ही जमवलंत. जनावरांचे डॉक्टर म्हणून आयुष्यभर गावोगावी 'एकाच वळूचं रक्त परत परत लावू नका' असं सांगत फिरलात. हे कळल्यावर तुम्ही जेवणार नाही हे मला माहीत होतं. बाबा, आशुतोष फार चांगला आहे. त्याच्याशी लग्न झालं याचं मला एक दिवसही वाईट वाटलेलं नाही. तुम्ही आमचं भलंच पाहिलंत.

मी गप्पच राहिले असते. पण गेर्डाबाईंनी काय केलं ते ऐका. अशी शिंगरं बरेच जण मुकाट्याने पुरून टाकतात, कारण घोडीचं नाव जातं आणि नराच्या मालकाशी वाकडं येतं. त्यांनी मात्र त्याच दुपारी नोंदणीवाल्यांना फोन केला. नराचा मालक त्यांचा बालमित्र. तो आता बोलत नाही. गेल्या शुक्रवारी मी विचारलं, "कशाला सांगितलंत?" त्या बादली विसळत म्हणाल्या, "मैशे, त्या घोड्याकडे या वर्षी आणखी घोड्या जाणार आहेत."

एवढंच म्हणाल्या. आणि दुसऱ्या दिवशी तुमचं पत्र आलं.

मंजू आणि ऋषभ एकमेकांना आवडतात, मला ठाऊक आहे. लग्न मोडा असं मी म्हणत नाही. आधी दोघांचं रक्त तपासा. मुंबईत होतं. एकात नसलं तर मी स्वतः नाचत येईन. आत्याला तुम्हीच सांगा, माझं ती ऐकणार नाही. आईला हे पत्र एकटं वाचू देऊ नका, तिच्याजवळ बसा.

तुमची,
मृदुला


नायमेखन, ९ ऑगस्ट २००६

प्रिय मंजू,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते. कशी आहेस, हे विचारायचा हक्क मला आहे की नाही, कळत नाही.

बाबांनी सगळं कळवलं. दोघांच्याही रक्तात निघालं. ऋषभ म्हणाला, मूल नको, आपण दोघंच राहू. आणि तू नाही म्हणालीस. आत्या म्हणते, मी परदेशात राहून घराण्याला बट्टा लावला. तिला म्हणू दे.

तू शेवटच्या फोनवर म्हणालीस, "तू सांगितलं नसतंस तर आम्ही सुखात असतो ताई." खरं आहे. काही वर्षं तरी असता. मी रोज रात्री हेच घोळवते, आणि रोज शेवटी वाटतं, तरीही सांगितलंच असतं. यासाठी तुझी माफी मागत नाही, मंजू. पण तुझ्या हातून जे गेलं त्यासाठी मी इथे बसून रडते, हे तुला माहीत असावं. तू ज्याला नाही म्हणालीस त्याच्या भावाशी मी संसार करते. मला जे मिळालं ते तुला मिळालं नाही, आणि मला जे भोगावं लागलं ते तुला भोगू द्यायचं नव्हतं. या दोन्हींमध्ये कुठे उभं राहायचं ते मला अजून सापडलेलं नाही.

बाबांना एकटं सोडू नकोस. ते जनावरांच्या दवाखान्याकडेही फिरकत नाहीत, असं आई म्हणाली. त्यांच्यावर रागावू नकोस. रागवायचं तर माझ्यावर रागाव. मी लांब आहे, सोसेन.

हरीचा शेवटच्या महिन्यांतला एकही फोटो मी तुम्हाला पाठवला नव्हता. बघणाऱ्याला लगेच कळलं असतं. आज एक पाठवते. त्याचे हात दोन्ही बाजूंना तसेच पडलेत, पण चेहरा बघ, तो हसतोय. कुणी जवळ आलं की हसायचा. तू आली असतीस तर तुझ्याकडे बघूनही हसला असता. तुझ्या आवाजाची मी त्याला नक्कल करून दाखवायचे, "मंजूमावशी येणार, मंजूमावशी येणार" म्हणून.

उत्तर नाही दिलंस तरी चालेल. फोटो मात्र ठेव.

तुझी ताई,
हरीची आई