शेवटच्या बाकावर बसवलेली बाई

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता रागवायला तरी येणार न्हाई, म्हणून सांगून राहिले. मी बोलते, नात लिहिते. तीही तुमच्यासारखी कॉलेजात शिकवते, तासिकेवर. मोबाइलवरून शिकवायचं कसं, याचं प्रशिक्षण चालू हाय तिचं. आपला धडा चित्रित करून उद्यापर्यंत पाठवला न्हाई, तर पुढच्या वर्षी तास न्हाईत. काल मोबाइल लांब धरून तिनं विचारलं, "आजी, अक्षरं नीट दिसतात का?" मी चहाचा कप खाली ठेवला. म्हटलं, मला विचारू नको बाई, वाचता येणाऱ्या कुणाला तरी विचार.

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हाची गोष्ट. पाट्या नव्या, विहिरी कोरड्या. पाण्यावाचून होस्टेलची मेस बंद पडली, पोरं गावी गेली, वर्ग ओस. तुम्ही चार दिवसांचं शिबिर करून आलात ते बगलेत भिंतीवर अक्षरं पाडणाऱ्या प्रोजेक्टरची पुस्तिका घेऊन. नव्या नवरीला कुणी इतकं जपत न्हाई. तुमची नोकरी कच्ची. समितीपुढं त्या मशीनवर पाठ जमला तरच राहणार. पुस्तिकेत म्हणे लिहिलं होतं, शेवटच्या बाकावर माणूस बसवून बघा. माणूस कुठून आणणार? मी कॉलेजची शिपाईबाई, हातातला झाडू ठेवायला लावून मलाच बसवलंत. मशीनवर ठेवायचे प्लॅस्टिकचे कागद मोजके, धुऊन परत लिहायला पाणी न्हाई. म्हणून एकाच कागदावर अख्खं झाड बसवलंत, मूळ, खोड, पान, आणि बाजूला बारीक बारीक लिहिलंत. भिंतीवर उजेड पडला.

"बाई, मागून दिसतंय ना?"

"हाव सर, दिसतंय की."

मला मुंग्यांची रांग दिसत होती. पण सर, मला अक्षर कायम तसंच दिसतं, पाटीवरचं असो की पेपरातलं. वाटलं, शिकलेल्यांना त्याच मुंग्या कळत असतील. तुम्हाला कुठं माहीत होतं? वर्गावर्गात नोटिसा मीच नेत होते, कोणती कुठली ते क्लार्कला विचारून ध्यानात ठेवून. रोज तुम्ही विचारलंत, रोज मी हाव म्हटलं.

समितीतले साहेब मागच्या बाकावर बसले आणि म्हणाले, आम्हाला एक अक्षर वाचता येत नाही. पुढचं त्यांनी ऐकलंच न्हाई, तुमची नोकरी गेली.

नांदेडच्या गाडीत तुमची ट्रंक मीच चढवली. तिथून तुम्ही किनवटला, घरी जाणार होतात. पायरीवर थांबून म्हणालात, "बाई, खरं सांगा. तुम्हाला दिसत होतं ना?" तेव्हा मला वाचताच येत न्हाई म्हटलं असतं, तर तुम्ही अक्षर मोठं करून पुन्हा एक पाठ मागितला असता. मी म्हटलं, "सगळं दिसत होतं सर. त्यांचेच डोळे फुटलेत." तुम्ही हसलात. त्यानंतर तुम्ही कधीच वर्गावर उभे राहिला न्हाईत, मरेपर्यंत मशीनलाच दोष देत राहिलात, असं तुमच्या गावचा माणूस सांगून गेला. मी पदर तोंडात कोंबून रडले.

नात विचारते, हे पाठवायचं कुठं? कुठं न्हाई, घडी करून ठेव. घरात मी आजवर सांगत आले की सरांना खरं सांगणार होते, तेवढ्यात गाडी सुटली. गाडी सुटली नव्हती सर. कंडक्टर चहाला गेला होता. लई वेळ होता.