अर्ध्या चढावरचा बाक

धाकटे, तुला तुझ्या मोठीचे आशीर्वाद, आणि तुझ्या गुडघ्याला वेगळे. गुडघा कसा आहे? आणि तुमच्या इमारतीची लिफ्ट कशी आहे? मागे ती रुसली तेव्हा तू दिवसभर घरात अडकून पडली होतीस म्हणे. इकडे सगळे ठणठणीत. मी सांगते आहे, सूनबाई लिहिते आहे. (ती मध्येच काहीतरी घुसडते असा मला संशय आहे. माझं तोंड थांबलं तरी तिचं पेन चालू असतं.) (काही घुसडत नाही, मावशी. — सून)

तर आमच्या वस्तीत नकाशेवाले आलेत. खालच्या रस्त्यापासून आमच्या दारापर्यंतचा तो पायऱ्यांचा चढ, ज्याला तू 'ही वाट आहे की शिक्षा' म्हणालीस आणि त्यानंतर फिरकली नाहीस, तो चढ नव्यानं बांधायचा आहे. पण कसा, ते म्हणे आम्ही सांगायचं! आता मला सांग, बांधणारा कधी राहणाऱ्याला विचारतो का? आजवर इथे नळ आला, खांब आला, गटार आलं (आणि घरातही आलं), सगळं न विचारता. त्यांच्यातली चष्मेवाली मला म्हणते, "आजी, तुम्हाला काय हवंय?" मी मागे वळून पाहिलं, कुठली आजी म्हणून. जन्मभर मला लोकांनी 'जेवायला काय केलंय' एवढंच विचारलं. विचार करून सांगते म्हटलं आणि घरी येऊन आडवी झाले.

बाकीच्यांना मात्र सगळं तोंडपाठ. शिंप्याला वळणावर दिवा हवा. शेजारणीला (ती बोलायला लागली की कावळेसुद्धा फांदी बदलतात) कपडे धुवायला ओटा हवा. दुसऱ्या दिवशी मी सांगितलं, अर्ध्या चढावर बसायला जागा करा. शेजारीण म्हणाली, "आजी, दमतंय कोण? तुम्ही तर चढताना भांडतही असता." मी म्हटलं, "दमणारे येत नाहीत, म्हणून तुला दिसत नाहीत."

नकाशेवाल्यांची रीत मोठी गमतीची. ज्याला जे हवं, ते त्यानं घरच्याच सामानातून तिथे मांडायचं आणि वापरून दाखवायचं. वापर झाला तरच बांधकाम. शिंप्यानं बॅटरी टांगली. मी आपला धुण्याचा टब पालथा घातला आणि बसले. (टब नवा होता, मावशी. — सून) पहिल्या दिवशी कुणी फिरकेना. मग मी जाणाऱ्या-येणाऱ्याला हाका मारायला लागले. कुणाला सुनेची चौकशी, कुणाला सासूची. हां हां म्हणता पायऱ्या गच्च भरल्या. सिलिंडरवाला खांद्यावर ओझं घेऊन वर आला तर वाटच बंद! "आजी, हा जिना आहे की नाटकाचं थिएटर?" म्हणून ओरडला. मी म्हटलं, "दमलास ना? मग बस की." तो बसला, टबाचे दोन तुकडे झाले, आणि तो आपल्या मेव्हण्याची सगळी कहाणी सांगूनच उठला.

नकाशेवाल्यांतला दाढीवाला कोपऱ्यात उभा राहून कोण कुठे किती बसतंय ते कागदावर टिपत होता. कशाला रे बाबा, विचारलं. तर म्हणाला, "आजी, इथे प्रत्येकजण खालच्या रस्त्याकडे तोंड करून बसतो." अगं, एवढी वर्षं इथे काढली, पण हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं! तेव्हापासून मी पाहतेय. खरंच, एकजणही वर तोंड करून बसत नाही. असं का असेल गं? तुमच्या इमारतीत लोक कुठे तोंड करून बसतात?

असो. मीटिंगमध्ये बाक मंजूर झाला. (शेजारणीचा ओटाही झाला, उगीच खोटं का बोला.) गवंडी उंचीसाठी माझ्या गुडघ्याचं माप घ्यायला आला. मी म्हटलं, माझं नको, धाकटीचं घे. बसून उठायला तिला त्रास होतो. मग भिंतीवर हात ठेवून दाखवलं, इथे येतो तिचा गुडघा. मला चुकीचं कसं ठाऊक असेल? एका अंथरुणात झोपायचो तेव्हा तो रोज माझ्या बरगडीत यायचा. पण मी माप आडव्या धाकटीचं दिलं आणि बाक उभा राहिला तो भलताच उंच! आता बसले की माझे पाय लोंबकळतात. अख्खी वस्ती म्हणते, आजी झोपाळ्यावर बसल्या. मी सांगते, उंचावरून लांबचं दिसतं.

तुझी मोठी

ता. क. जिच्या मापाचा बाक ती येऊन बसणार, असं मी भर मीटिंगमध्ये सांगून बसले आहे. रोज विचारतात, कधी येणार? माझी लाज राख. अर्धाच चढ चढ, चहा मी बाकावर आणते.

ता. क. मावशी, हे मी त्यांना वाचून दाखवणार नाही. त्या रोज संध्याकाळी बाकावर शेजारी पिशवी ठेवतात आणि कुणी टेकायला लागलं की "माणूस येतंय" म्हणून उठवतात. काल सिलिंडरवाल्यालाही उठवलं. — सून

ता. क. सूनबाईनं पेन खाली ठेवायला फार वेळ लावला. काय खरडलंय देव जाणे. पिशवीबद्दल काही असेल तर साफ खोटं. पाय टेकत नाहीत, तोल जाऊ नये म्हणून ठेवते. तू शेजारी असलीस तर पिशवी लागणार नाही.