जळगावात उणे चाळीस

१२ मे, मंगळवार
गाडी काळा धूर सोडते. पेट्रोलचा वास. डॅशबोर्डवर पिवळा दिवा. दिपमाला म्हणते गॅरेजला द्या. गॅरेजवाल्यांना काय, बॉनेट उघडलं की इंजिन उतरवायचंच सुचतं. मी पाईप कंपनीत आयुष्यभर क्वालिटी कंट्रोल केला. स्कॅनर मागवला आहे. रविवारी धुळ्याला जायचं. तिच्या भावाच्या, जीवरामच्या मुलीचा, मयुरीचा साखरपुडा. दिपमाला एकुलती एक आत्या, ओटी तिनेच भरायची. जीवरामने फोनवर 'दाजी, बठ्ठी गाडी इकी टाका' असा गाडी विकून टाकायचा सल्ला दिला. नवी एसयूव्ही घेतल्यापासून फारच शहाणा झालाय.

१४ मे
स्कॅनर आला. इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान: उणे चाळीस. बाहेर चव्वेचाळीस. हसूच आलं. शेजारचे अतिकभाई म्हणाले, यंत्र बरोबर असेल, सेन्सरची वायर बघा. कापड दुकानदार! त्यांनी कापड मोजावं.

१५ मे
दुसरा स्कॅनर आणला. उणे चाळीस. दोन्ही एकाच भंगार कारखान्यातले असणार.

१६ मे, दुपार
मूळ कारण सापडलं. इंजिनाला उन्हाळा सोसत नाही, बाकी काही नाही. कूलरचं नवं गवत काढलं, ओलं केलं, एअर फिल्टरच्या डब्यात ठासलं. कंपनीच्या इंजिनिअरांना हे सुचलं नाही, कारण ते जळगावात राहत नाहीत. दिपमाला विचारत होती, कूलर गरम हवा का फेकतोय. सांगितलं, एक दिवस सहन कर.

१७ मे, रविवार, सकाळ
झोकात निघालो. गिरणेच्या पुलाअलीकडे गाडीने दोन आचके दिले आणि गप्प. दिपमाला पैठणीत, मांडीवर ओटीचं सामान. मी म्हटलं, दहा मिनिटं दे. तिने बरीच दिली. मग उतरली आणि एसटीला हात केला. बस थांबली नाही. दुसरीही नाही. तिसरी थांबली.

त्याच दिवशी, दुपार
फिल्टरमधून गवताचा लगदा निघाला. खाली सेन्सरची वायर, उंदराने कुरतडलेली. वायर तुटली की उणे चाळीसच दिसतं आणि थंडी समजून इंजिन जास्त पेट्रोल ओढतं, असं इंटरनेटवर आहे. हे आधी कोणी नीट सांगायला नको? अतिकभाईंनी सांगितलं होतं, पण त्यांची सांगण्याची पद्धत मला पटली नाही.

संध्याकाळ
दिपमालाचा फोन. मुहूर्त टळेल म्हणून थांबले नाहीत. ओटी जीवरामच्या मेहुणीने भरली. दिपमाला फोनवर रडली. मला फार वाईट वाटलं. म्हणून उंदराचं सांगितलं. तिने फोन ठेवला.

१९ मे
दिपमाला परत आली. लग्न पुढच्या महिन्यात, धुळ्यालाच. तिला न्यायला जीवराम गाडी पाठवणार आहे. मी बसने यायचं ठरलं आहे. ठरवताना मला कोणी विचारलं नाही. मी हो म्हटलं.